बारावर या म्हटलं की सगळे बारावरच: हॅम सेटमधली चॅनेल लावण्याची पद्धत

आयर्विन पुलाखालचं पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की सांगलीत फोनाफोनी सुरू होते. पंचेचाळीसची धोका पातळी ओलांडली की फोन लागेनासे होतात. टॉवर जागेवर असतो, पण त्याची बॅटरी उतरलेली असते, किंवा डिझेल घेऊन निघालेली गाडी पाण्याच्या पलीकडं अडकलेली असते. अशा वेळी हॅमच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, नेटवर (हवेवरच्या बैठकीत) कुणीतरी म्हणतं, "कॉलिंगवर गर्दी नको, बारावर या." कॉलिंग म्हणजे पहिली हाक मारायची सामाईक फ्रिक्वेन्सी, बारा म्हणजे सेटमधलं बारावं चॅनेल. चौघं बारावर जातात. पाचवाही जातो, फक्त त्याच्या सेटमध्ये बाराव्या नंबरला पुण्याकडचा रिपीटर (ऐकलेलं लांबवर पुन्हा पाठवणारं यंत्र) भरलेला असतो. तो हाका मारत राहतो, उत्तर येत नाही, आणि बाकीच्यांचे सेट बंद पडले असा त्याचा समज होतो.

सेटची मेमरी ही खासगी बाब आहे असं समजून जो तो आपल्या मनानं भरतो, तिथंच सगळा घोळ आहे. चॅनेलचा नंबर गटातल्या सगळ्यांचा एकच असला पाहिजे. मिरज जंक्शनवर फलाटांचे नंबर ठरलेले असतात, तसा. खाली लिहिलेली पद्धत ही एवढी एक गोष्ट धरून आहे. उदाहरणं मुख्यतः बाओफेंग यूव्ही-५आरची घेतली आहेत, कारण नवीन परवानाधारकाच्या हातात बहुतेक वेळा तोच सेट असतो. यासू, आयकॉम, केनवुडवाल्यांना बटणं वेगळी लागतील, बाकी विचार तोच.

आधी कागद, मग सेट

यूव्ही-५आरमध्ये १२८ जागा आहेत, शून्यापासून १२७ पर्यंत. यासू एफटी-६० मध्ये हजार. जागा आहेत म्हणून त्या भरायच्याच, या हौसेपायी लोक कुठलीतरी तयार यादी उचलतात आणि सेटमध्ये ओततात. मग सांगलीत बसलेल्या माणसाच्या सेटमध्ये चेन्नईचे चार रिपीटर निघतात आणि आपला गट बोलतो ती फ्रिक्वेन्सी सापडत नाही. तीस-पस्तीस चॅनेल भरपूर झाली. त्याहून जास्त लागत असतील तर तुम्ही फार फिरता किंवा उपग्रहांच्या नादाला लागला आहात. दोन्ही चांगलंच आहे.

कागदावर तीन रकाने आखा: कुणाशी बोलतो, कुठून बोलतो, कशावर बोलतो. शेजारच्या गल्लीतल्या मित्राशी रिपीटरवरून बोलण्यात अर्थ नाही, आणि जतहून सांगलीला हँडसेटवरून थेट बोलायची आशाही धरू नये. थेट म्हणजे सिंप्लेक्स, एका सेटवरून दुसऱ्या सेटवर. सांगलीच्या सपाटीवर दोन माणसं रबरी अँटेना लावून रस्त्यावर उभी असतील तर काही किलोमीटर, मध्ये इमारती असतील तर त्याहून कमी. तोच सेट घेऊन दंडोबाच्या डोंगरावर गेलात तर अंतर एकदम वाढतं. साताऱ्यात याच्या उलट अडचण. शहर अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या पायथ्याशी असल्यामुळं डोंगराच्या आडोशाला असलेल्या घरातून पलीकडचं काही येत नाही, आणि दोन गल्ल्या पुढं सरकलं की तेच स्टेशन स्वच्छ ऐकू येतं. म्हणून सातारकरांनी 'कुठून बोलतो' हा रकाना जरा मन लावून भरावा.

परवान्याच्या हद्दीचं भान इथंच ठेवायचं. भारतात हॅमसाठी दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सत्तर सेंटिमीटरचा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असा आहे. यूव्ही-५आर कारखान्यातून येतो तो १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढं पाचशेपार, असा मोकळा सुटलेला. सेट पाठवू शकतो म्हणजे तुम्हाला पाठवायची परवानगी आहे असं नाही. पोलीस, वनखातं, रेल्वे यांच्या फ्रिक्वेन्सी 'नुसतं ऐकायला' म्हणूनही भरू नयेत. एक तर ते बेकायदा आहे, दुसरं म्हणजे अंधारात बोट चुकून पीटीटीवर (बोलताना दाबायच्या बटणावर) पडायला वेळ लागत नाही. परदेशी याद्यांमध्ये १४६.५२० ही कॉलिंग फ्रिक्वेन्सी हमखास असते. ती अमेरिकेची, आपल्या पट्ट्याच्या बाहेरची. दिसली की खोडा. आपल्याकडं एफएमवर हाक मारायची ती १४५.५०० वर.

दहा-दहाचे गट

चॅनेल फ्रिक्वेन्सीच्या चढत्या क्रमानं लावू नका. दिसायला छान दिसतं, पण सेट हातात घेतल्यावर माणूस 'मला भिलवडीशी बोलायचंय' असा विचार करतो, १४५.५७५ चा नाही. कामानुसार दहा-दहाचे गट पाडा आणि प्रत्येक गटात दोन-तीन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवा. रिकामी जागा सेट आपोआप ओलांडून जातो, त्यामुळं स्क्रोल करताना त्रास होत नाही, आणि उद्या नवीन काही आलं तर बाकीचे नंबर हलवावे लागत नाहीत. नंबर हलला की पाठांतर गेलं.

आमच्याकडची मांडणी अशी: १ ते ९ सर्वसाधारण सिंप्लेक्स, ११ ते १९ नदीकाठ, २१ ते २९ जवळचे रिपीटर, ३१ ते ३९ महामार्ग, ४१ पासून यूएचएफ (सत्तर सेंटिमीटरचा पट्टा), ५१ पासून उपग्रह. शून्य नंबर रिकामा. एक नंबरला १४५.५००. हा एक नंबर कुणीही, कोणत्याही कारणानं बदलायचा नाही. चॅनेल मोडमध्ये यूव्ही-५आरवर तीन आकडे दाबले की थेट त्या चॅनेलवर जाता येतं: ००१, ०१२, ०२१. अंधारात, पावसात, रेनकोटच्या आत हात घालून हे तीन आकडे दाबता आले पाहिजेत. म्हणून महत्त्वाची चॅनेल १, ११, २१ अशा सोप्या जागी.

नदीकाठच्या गटाबद्दल जरा सविस्तर सांगतो. पावसाळ्यात रोज जी पाणीपातळी जाहीर होते ती वरून खाली अशी वाचली जाते: कराडचा कृष्णा पूल, बहे, भिलवडी, मग सांगलीचा आयर्विन पूल, पुढं अंकली, म्हैसाळ. नदीकाठच्या माणसाच्या डोक्यात हाच क्रम पक्का बसलेला असतो. चॅनेलही त्याच क्रमानं लावली: ११ कराड, १२ बहे, १३ भिलवडी, १४ सांगली, १५ अंकली, १६ म्हैसाळ. वरचा बाण दाबला की एकेक चॅनेल पाण्याबरोबर खाली सरकतं. कोयनेचे दरवाजे उचलले की काही तासांनी कुठून विचारणा सुरू होणार हे माहीत असतं, त्यामुळं कंट्रोलला बसलेला माणूस त्याच दिशेनं बोट हलवत राहतो.

आता एवढ्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी आणायच्या कुठून? त्यांची गरजच नाही. कराड आणि म्हैसाळ यांच्यात एवढं अंतर आहे की जमिनीवरचे हँडसेट एकमेकांना ऐकू येत नाहीत. त्यामुळं ११ आणि १६ ला एकच फ्रिक्वेन्सी दिली तरी चालते. नंबर वेगळे, नावं वेगळी, आतली फ्रिक्वेन्सी तीच. फक्त दंडोबावर किंवा अशाच उंच जागी बसलेल्या ऑपरेटरला दोन्हीकडचं एकदम ऐकू येईल, हे त्याला आधी सांगून ठेवा. शेजारशेजारच्या ठाण्यांना मात्र एकच फ्रिक्वेन्सी देऊ नका, आणि दोन फ्रिक्वेन्सींमध्ये निदान २५ किलोहर्ट्झ अंतर ठेवा. १४५.५०० च्या आसपास १४५.४५०, १४५.४७५, १४५.५२५, १४५.५५०, १४५.५७५ अशा जागा विचारात घेता येतात. निवडण्यापूर्वी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ऐका. तिथं एखाद्या रिपीटरचं आउटपुट किंवा इनपुट असेल तर ती जागा सोडा. १४५.८०० च्या वर तर जाऊच नका, ती जागा उपग्रहांची.

सातारकरांनी नदीऐवजी रस्ता आणि घाट धरावा. खंबाटकीपासून कराडपर्यंत एक ओळ, वाई-पाचगणी-महाबळेश्वर दुसरी, पाटण-कोयनानगर तिसरी. कोयनेच्या खोऱ्यात सिग्नल खोऱ्याच्या लांबीनं बरा चालतो, आडवा डोंगर ओलांडत नाही. तो गट स्वतंत्र ठेवलेला बरा.

एका चॅनेलच्या पोटात काय काय असतं

पोटात नुसती फ्रिक्वेन्सी नसते, आणि निम्म्या तक्रारी बाकीच्या गोष्टींमुळंच येतात.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. आपण रिपीटरची बोलण्याची फ्रिक्वेन्सी सेटमध्ये भरतो, आणि पीटीटी दाबल्यावर सेटनं किती खाली सरकायचं ते ऑफसेटमध्ये सांगतो. दोन मीटरवर प्रथा ६०० किलोहर्ट्झ खाली सरकण्याची. निव्वळ उदाहरण म्हणून, आउटपुट १४५.३०० असेल तर इनपुट १४४.७०० होईल. सेटमध्ये दिशा उणे, ऑफसेट ०.६००. नुसता ऑफसेट भरून दिशा विसरली तर सेट रिपीटरच्या आउटपुटवरच बोलतो. जवळच्या एखाद्याला ऐकू येतं, रिपीटर मात्र ढिम्म.

मग टोन. आपल्या आवाजाखाली एक बारीक घुमणारा स्वर जातो, तो रिपीटरला पटला तरच दार उघडतं. ६७.०, ८८.५, १००.०, १२३.० हर्ट्झ असे ठरलेले स्वर असतात. सॉफ्टवेअरमध्ये इथं दोन पर्याय दिसतात, 'टोन' आणि 'टीएसक्यूएल'. पहिल्यात स्वर फक्त पाठवताना जातो, ऐकायला दार मोकळं. दुसऱ्यात समोरून तोच स्वर आला तरच तुमचा स्पीकर उघडतो. कित्येक रिपीटर स्वर मागतात पण स्वतः परत पाठवत नाहीत. तिथं टीएसक्यूएल ठेवलं तर तुम्ही रिपीटर उठवता, लोक उत्तर देतात, आणि तुमचा सेट मुका. 'रिपीटर बंद आहे का हो?' असं विचारणाऱ्यांना मी आधी हेच तपासायला सांगतो. माझा आग्रह असा: रिपीटरवर साधा टोन, सिंप्लेक्सवर काहीच नाही. पुरात अडकलेला माणूस कुठला टोन लावून हाक मारेल हे तुम्हाला ठाऊक नाही.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. तिथं उभं राहिल्यावर आणखी एक गंमत कळते. एकाच जोडीच्या फ्रिक्वेन्सी दूरदूरच्या दोन रिपीटरांना दिलेल्या असू शकतात. खाली गावात त्यातला एकच ऐकू येतो, वर दोन्ही. अशा वेळी फ्रिक्वेन्सी तीच आणि टोन वेगळा अशी दोन स्वतंत्र चॅनेल करा, नाहीतर एकाला हाक मारायला जाल आणि भलताच उठेल.

वाइड की नॅरो, म्हणजे आवाज रुंद पट्टीत पाठवायचा की अरुंद, हाही पर्याय प्रत्येक चॅनेलला असतो. आपल्या भागातल्या एफएम वापरासाठी वाइड ठेवा, रिपीटर चालवणाऱ्यांनी मुद्दाम नॅरो सांगितलं नसेल तर. नॅरोवर राहिलात तर 'आवाज दबलेला येतोय, माइक जवळ घ्या' हे ऐकत बसाल. माइकचा काही दोष नसतो.

पॉवर: सिंप्लेक्सच्या जवळच्या चॅनेलला लो, रिपीटरला आणि लांबच्यांना हाय. चार्जिंगला वीज नाही अशा दिवशी हा फरक बॅटरीवर लगेच जाणवतो.

स्कॅनमधून काय वगळायचं तेही प्रत्येक चॅनेलला ठरवता येतं. हे सेट स्कॅन करायला सुस्त आहेत. तीस चॅनेल फिरून येईपर्यंत छोटी हाक निसटते. म्हणून १ ते १६ स्कॅनमध्ये, घरचा रिपीटर एक, बाकी सगळ्यांना 'स्किप'. उपग्रहांना तर नक्कीच.

संगणकावरून भरताना

चर्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, बहुतेक सगळ्या कंपन्यांचे सेट त्यात चालतात. केबल दोन पिनांची, केनवुड पद्धतीची. स्वस्त केबलमध्ये नकली प्रोलिफिक चिप असते आणि नवीन विंडोज ती ओळखायला नकार देतं. जुना ड्रायव्हर टाकून काम निभावतं, पण दोनशे-चारशे रुपये जास्त घालून एफटीडीआय चिपची केबल घेतलेली सगळ्यात बरी. गटात एक चांगली केबल असली तरी पुरते.

पहिलं काम, सेटमध्ये आहे ते वाचून घ्या. सेट बंद ठेवून केबल लावा, पिन शेवटपर्यंत दाबा. यूव्ही-५आरचं प्लॅस्टिक आडवं येतं आणि पिन मिलिमीटरभर बाहेर राहते, आणि 'सेट उत्तर देत नाही' या संदेशाचं कारण दहातल्या आठ वेळा तेच. मग सेट चालू करा, आवाजाचं बटण मध्यावर ठेवा, चर्पमध्ये पोर्ट आणि मॉडेल निवडून रेडिओवरून डाउनलोड करा. आलेली फाइल लगेच साठवा, नावात सेटच्या मालकाचं कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं हवेवरचं नाव) आणि तारीख घाला. ही फाइल मूळ प्रत, तिला हात लावायचा नाही. काही बिघडलं तर हीच परत टाकून सेट होता तसा करता येतो.

दुसऱ्याच्या सेटची पूर्ण फाइल आपल्या सेटमध्ये कधीही टाकू नका. तिच्यात चॅनेलशिवाय सेटच्या आतल्या सेटिंग्जही असतात आणि एकाच नावाच्या सेटमध्ये आतलं फर्मवेअर वेगवेगळं असतं. बरोबर रीत अशी: आपल्या सेटची फाइल उघडी ठेवायची, गटाची यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) स्वरूपात दुसऱ्या खिडकीत उघडायची, ओळी उचलून आपल्या फाइलमध्ये चिकटवायच्या. ओळ चिकटवताना नंबर बघा. १२ ची ओळ १२ वरच पडली पाहिजे.

प्रत्येक ओळीत फ्रिक्वेन्सी, दिशा, ऑफसेट, टोनचा प्रकार, टोन, मोड, पॉवर, स्किप एवढं तपासा. दिशेच्या रकान्यात 'ऑफ' असाही पर्याय असतो. तो निवडला की त्या चॅनेलवर पीटीटी दाबूनही काही जात नाही. अंतराळ स्थानकाचं १४५.८०० हे फक्त ऐकण्याचं चॅनेल मी असंच बंद करून ठेवतो. मग सेटवर अपलोड करा, आणि अपलोड चालू असताना केबलला धक्का लागू देऊ नका. झाल्यावर लगेच पुन्हा वाचून घ्या आणि डोळ्यांखालून घाला.

संगणक जवळ नसेल तेव्हा

बटणांवरून एखादं चॅनेल भरता आलंच पाहिजे. पुरात रिपीटर पडला आणि नवीन फ्रिक्वेन्सी ठरली तर लॅपटॉप शोधत कुठं फिरणार? यूव्ही-५आरवर क्रम असा (मेनूचे नंबर आवृत्तीनुसार एखाददुसरा इकडंतिकडं होतो):

१. नारिंगी बटण दाबून फ्रिक्वेन्सी मोडला या. सेटमधली बाई तसं बोलून सांगते. वरची ओळ निवडा.
२. मेनू ७ मधला डबल वॉच (दोन्ही ओळींवर आळीपाळीनं ऐकणं) बंद करा.
३. मेनू २८ मधून त्या नंबरचं जुनं चॅनेल पुसा. आधी पुसल्याशिवाय त्यावर नवीन बसत नाही.
४. ऐकायची फ्रिक्वेन्सी टाका, मेनू १३ मध्ये टोन निवडा.
५. मेनू २७ मध्ये चॅनेलचा नंबर निवडून पक्का करा. सिंप्लेक्स असेल तर काम इथंच संपलं.
६. रिपीटर असेल तर बाहेर येऊन पाठवायची फ्रिक्वेन्सी टाका आणि पुन्हा मेनू २७ मध्ये तोच नंबर पक्का करा. पहिल्या वेळी 'रिसीव्हिंग मेमरी', दुसऱ्या वेळी 'ट्रान्समिटिंग मेमरी' असं ऐकू आलं की बसलं.

नाव मात्र या सेटवर बटणांवरून देता येत नाही, त्याला संगणकच लागतो.

नावं

डिस्प्लेवर फक्त इंग्रजी अक्षरं येतात, यूव्ही-५आरवर सात, एफटी-६० वर सहा. गटात दोन्ही सेट असतील तर सहाचीच मर्यादा धरा. गावांची नावं कशीही कापू नका. एसटीच्या पाट्यांवर किंवा रेल्वेच्या तिकिटावर जी लघुरूपं लोकांनी पाहिलेली असतात ती वापरा. रिपीटरच्या नावाच्या शेवटी 'आर' आणि सिंप्लेक्सच्या शेवटी 'एस' एवढं एक अक्षर ठेवलं की काम सोपं होतं. नाव दिसायला हवं असेल तर मेनू २१ आणि २२ मध्ये तसं निवडा. चॅनेलचा नंबर बाजूला बारीक दिसत राहतो, तो दिसला पाहिजेच, कारण हवेवर बोलताना आपण नंबर सांगणार आहोत.

दोन ओळींच्या डिस्प्लेत वरच्या ओळीला एक नंबर आणि खालच्या ओळीला घरचा रिपीटर ठेवावा. डबल वॉच चालू असताना खालच्या ओळीवर कुणी बोलून गेलं आणि तुम्ही पीटीटी दाबली, तर आवाज कोणत्या ओळीवरून जाईल हे सेटिंगवर ठरतं. दाबण्याआधी बाण कुठं आहे ते बघायची सवय लावा. आणि सेट कमरेला लावताना हॅशचं बटण दाबून धरून कुलूप घाला.

उपग्रह: इथं क्रम उलटा

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या रिपीटरला १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन लावून बोलतात आणि तो ४३७.८०० वर ऐकू येतो. एसओ-५० हा २००२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह १४५.८५० वर ऐकतो आणि ४३६.७९५ वर बोलतो. दोन्हीत पाठवणं एका पट्ट्यात, ऐकणं दुसऱ्यात, म्हणजे साधा ऑफसेट चालत नाही. चर्पमध्ये दिशेच्या जागी 'स्प्लिट' निवडून पाठवायची फ्रिक्वेन्सी पूर्ण लिहावी लागते.

शिवाय डॉप्लर. उपग्रह जवळ येत असताना त्याची फ्रिक्वेन्सी वर सरकलेली ऐकू येते, लांब जाताना खाली. ४३७ च्या आसपास हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे दहा किलोहर्ट्झ. म्हणून एकाच उपग्रहाची पाच चॅनेल करायची. स्थानकासाठी ५१ ला ४३७.८१०, ५२ ला ४३७.८०५, ५३ ला ४३७.८००, ५४ ला ४३७.७९५, ५५ ला ४३७.७९०, पाचही ठिकाणी पाठवणं १४५.९९० आणि टोन ६७. नंबर वाढतो तशी फ्रिक्वेन्सी उतरते, आणि उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत तुम्ही एकाच दिशेनं बटण दाबत राहता. स्टेप पाच किलोहर्ट्झ ठेवा. पाठवण्याच्या बाजूला दोन मीटरवर फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासच असतो, एफएमवर तो खपून जातो. एसओ-५० साठीही अशीच पाच, आणि शिवाय सहावं एक, ७४.४ हर्ट्झ टोनचं: उपग्रहाचा दहा मिनिटांचा टायमर झोपलेला असेल तर आधी या टोननं क्षणभर पीटीटी दाबून तो उठवावा लागतो.

हँडसेटवर उपग्रह पकडायला सांगली साताऱ्यापेक्षा सोपी, क्षितिज मोकळं असतं. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं की तिथंही आकाश भरपूर.

एचएफवाल्यांसाठी चार ओळी

एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हच्या, सेटवर माणूस डायल फिरवूनच जगतो, मेमरीचं महत्त्व कमी. तरी आपत्कालीन कामासाठी आपल्या विभागात ठरलेल्या जागा, ७.११० आणि १४.३००, मोडसकट भरून ठेवा: पहिली एलएसबी (खालचा साइडबँड), दुसरी यूएसबी (वरचा). मोड न भरता नुसती फ्रिक्वेन्सी भरली तर घाईत उलट्या साइडबँडवर बसाल आणि समोरचा बदकासारखा ऐकू येईल. १४.१०० वर जगभरचे अठरा बीकन (आपोआप ठरलेला सिग्नल सोडणारी स्टेशनं) प्रत्येकी दहा सेकंद, असं तीन मिनिटांचं चक्र चालवतात. त्यातला श्रीलंकेचा ४एस७बी आपल्याला जवळचा. बँड उघडा आहे का हे बघायला तेही एक चॅनेल असू द्या.

तपासणी आणि कार्ड

भरलेलं प्रत्येक चॅनेल हवेवर तपासल्याशिवाय यादीत 'पक्कं' लिहू नका. रिपीटरच्या चॅनेलवर स्टारचं बटण दाबलं की ऐकण्या-पाठवण्याची फ्रिक्वेन्सी उलटते, पडद्यावर इनपुट बरोबर दिसतं का ते आधी बघा. मग थोडा वेळ ऐका, कुणी बोलत नसेल तर आपलं कॉलसाइन सांगून चाचणी म्हणा. कॉलसाइन न सांगता नुसती पीटीटी दाबून रिपीटरची शेपटी (बोलणं थांबल्यावर क्षणभर चालू राहणारा सिग्नल) ऐकत बसणारे असतात. तसं करू नका. यादीतल्या शेरा रकान्यात कुठून तपासलं आणि कधी, एवढं लिहा. 'विश्रामबाग, गच्चीवरून, लो पॉवर' ही नोंद पुढच्याला फार उपयोगी पडते.

मूळ यादी एकाच माणसाच्या हाती असावी. सगळ्यांनी सुचवायचं, बदलायचं त्यानंच. फाइलच्या नावात महिना-वर्ष, आणि नवी आली की जुनी वेगळ्या फोल्डरमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर यादीच्या तीन आवृत्त्या फिरायला लागल्या की पुन्हा पाचवा माणूस तयार झालाच म्हणून समजा.

कार्ड छापताना नंबर मोठा, नाव त्याच्या बाजूला, फ्रिक्वेन्सी बारीक. आधारकार्डाच्या मापाचं, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलेलं, कोपऱ्याला भोक पाडून दोरीनं सेटला बांधलेलं. मागच्या बाजूला बटणांवरून चॅनेल भरण्याच्या वरच्या सहा पायऱ्या. त्या पाठ असल्याचं सगळेच सांगतात, पण तीन रात्री झोप नसलेल्या माणसाला मेनू २७ होता की २८ हे आठवत नाही.

वर्षातून एकदा, मे महिन्यात वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या सुमारास, गटाचे सगळे सेट एका टेबलावर आणा. प्रत्येक सेट वाचा, मूळ यादीशी ताडून बघा. हौशी लोकांनी वर्षभरात मधल्या रिकाम्या जागांवर काहीबाही भरलेलं निघेल. ते पुसू नका, त्यांना ९० च्या पुढं हलवून द्या. तिथं ज्यानं त्यानं आपलं राज्य करावं. १ ते ६० मात्र सगळ्यांचं सारखं झाल्याशिवाय कुणाचा सेट परत द्यायचा नाही. एफटी-६० सारखे बँक (चॅनेलांचे कप्पे) असलेले सेट असतील तर तिथंही हेच नंबर ठेवा, बँक फक्त वरून जोडा. नेटवर "बारा" ऐकल्यावर त्या सेटवाल्यानंही ०१२ च दाबायचं आहे.